पाणी कुठवर आलतं?

सांगलीत घर बघायला आलेला माणूस चप्पल काढता काढताच विचारतो, "पाणी कुठवर आलतं?" नळाला पाणी किती वाजता येतं, बोअर किती फूट आहे, हे प्रश्न नंतर, चहाबरोबर. पहिला प्रश्न कृष्णेचा. कुठल्या सालचा पूर ते तो सांगत नाही आणि सांगावं लागतही नाही. तरणा असेल तर त्याच्या मनात २०१९ असतं. केस पिकलेला असेल तर तो २००५चंही विचारून घेतो. आणि जो २०२१चं वेगळं विचारतो, त्याला खरोखर घर घ्यायचंय असं समजावं.

आईच्या घराच्या व्हरांड्यात उभं राहून मी हे उत्तर इतक्या जणांना दिलं, की शेवटी शेवटी नुसती भिंत दाखवायची. २००५ला लाइटच्या बोर्डाच्या जरा खाली. २०२१ला बोर्ड बुडून वर वीतभर. २०१९ला पंखा. म्हणजे पंख्याची पाती पाण्याला टेकली होती. खालच्या मजल्यावर कोरडं राहिलं ते फक्त छत.

बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडं सांगते. जुनी सांगली कृष्णेला चिकटून वसलेली आहे: गणपतीचं देऊळ, गावभाग, पेठा. तिथून पूर्वेला विश्रामबागेकडं आणि पुढं मिरजेकडं जावं तशी जमीन चढत जाते. नदीवर १९२९ सालचा आयर्विन पूल आहे आणि पुलापाशी पाण्याची उंची फुटांत मोजतात. ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. जुलै-ऑगस्टात सगळं गाव या आकड्यांवर जगतं. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, काकानगर, कर्नाळ रस्ता ही नावं बातम्यांत आधी येतात, मग बाकीची. २०१९च्या ऑगस्टात पुलाचा आकडा ५७च्या वर गेला होता. नदीकडच्या प्रत्येक घराला पुलाचे फूट आपल्या दारात आणून मोजता येतात. आमचं गणित असं होतं: पुलाला ४७ झाले की गेट, ५० झाले की उंबरा. आई रेडिओवरची बातमी ऐकायची आणि आकड्यानुसार कपाटाचे खालचे कप्पे रिकामे करायला घ्यायची.

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हा प्लॉट घेतला तेव्हा असल्या पाण्याची चर्चाच नव्हती. बाजार जवळ, नदीवरची हवा, शाळा चालत. त्या काळी विश्रामबागेला राहायला जाणाऱ्याची लोक कीव करायचे, एवढ्या लांब कोण जातंय म्हणून. आता किंमत बरोबर उलटी आहे.

*

घर विकायचं ठरलं ते २०२१च्या पाण्यानंतर. आई म्हणाली, आता मला गाळ काढायला लावू नका. तिनं यापेक्षा जास्त कारण दिलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. भाऊ पुण्यात, मी इथंच. त्यामुळं घर दाखवायचं काम माझ्याकडं आलं.

गल्लीत तेव्हा 'विकणे आहे'च्या पाट्या बऱ्याच होत्या. पूर ओसरला की पाट्या लागतात. दोन पावसाळे पुराशिवाय गेले की त्यातल्या निम्म्या आपोआप उतरतात, उरलेल्यांवरचा आकडा वाढतो. २००५नंतर हेच झालं. चौदा वर्षं तसं पाणी पुन्हा आलं नाही आणि लोक म्हणायला लागले की तो पूर शंभर वर्षांतून एकदाचा होता, आता आपल्या हयातीत नाही. त्या चौदा वर्षांत आमच्या गल्लीत मजले चढले, नव्या फरशा बसल्या, दोन जुने वाडे जाऊन अपार्टमेंट आलं. मग २०१९ आलं, आणि ते विसरायला वेळ मिळायच्या आत २०२१ आलं. बाजाराला विसरायला जेवढा अवधी लागतो तेवढा यावेळी मिळाला नाही. आमच्या घराचा भाव पाण्यानं पडला असं मी म्हणणार नाही. पाणी २००५लाही आलं होतं. भाव पडला तो सगळ्यांना एकदमच सगळं आठवत होतं म्हणून.

गिऱ्हाइकांत पहिली आली ती रंग ठोकून बघणारी मंडळी. पूरपट्ट्यातल्या घराला ताजा रंग दिसला की सांगलीकर सावध होतो. तो भिंतीवर टकटक करतो, दाराच्या खालच्या बाजूला नख लावून लाकूड फुगलंय का बघतो, लोखंडी कपाटाच्या बिजागऱ्या बघतो, बोर्ड किती उंचीवर नेलेत ते बघतो. खांद्याच्या वर बसवलेला बोर्ड म्हणजे त्या घरानं दिलेला कबुलीजबाब. आम्ही रंग दिलाच नाही. आईचं म्हणणं, कशाला पैसे घालवायचे, तो माणूस घर पाडणारच आहे. तिला हे आमच्या आधी कळलं होतं.

एजंटची तऱ्हा वेगळी. आमचा एजंट जुना, पेपरात ज्या काळी 'मध्यस्थ क्षमस्व' अशी ओळ टाकायचे त्या काळापासूनचा, आणि त्या ओळीखालच्या नंबरवर बिनधास्त फोन करणारा. त्यानं मला पहिल्याच दिवशी बाजूला घेऊन शिकवलं, "ताई, २०१९चं सांगा बिनघोर. ते सगळ्यांचंच आलतं. २००५चं काढू नका."

या एका वाक्यात या धंद्याचं निम्मं शहाणपण आहे. जे पाणी सगळ्या गावात शिरलं त्यानं घराला कमीपणा येत नाही. जे फक्त तुमच्या घरात शिरलं आणि विश्रामबागेत शिरलं नाही, त्यानं येतो. २०१९ ही आपत्ती, २००५ हा घराचा दोष. वास्तविक पाण्याला असला भेदभाव ठाऊक नाही, पण भाव पाण्यानं थोडाच ठरतो.

माझ्या भावाचं म्हणणं मधलं होतं: विचारलं तर सांगायचं, नाही विचारलं तर गप्प. माझं म्हणणं, न विचारता तिन्ही सांगायची. यावर फोनवर बरीच वादावादी झाली. तो म्हणाला, अख्ख्या महाराष्ट्रानं टीव्हीवर बघितलंय, लपवायला राहिलंय काय? मुद्दा तसा बिनतोड होता. मी एका वकील मैत्रिणीला विचारलं तर ती हसली. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात कलम ५५ आहे. विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या काळजीनं बघूनही कळणार नाही असा जागेतला मोठा दोष विकणाऱ्यानं सांगितला पाहिजे, असं ते म्हणतं. आता कृष्णेचा पूर हा साध्या काळजीनं कळणारा दोष की न कळणारा? पूर आला होता हे शेंबड्या पोराला माहीत आहे. पण बोर्डाच्या वर वीतभर की खाली, हे घरात राहिलेल्यालाच माहीत. मैत्रीण म्हणाली, तू सांग आणि सुखानं झोप. आईनं तर वादच ठेवला नाही. कुणीही आलं की ती स्वतःच पंख्याकडं हात करायची. पाण्यानं आपल्या घराला एवढं महत्त्व दिलं, असाच तिचा आविर्भाव असायचा.

*

मला आश्चर्य वाटतं ते कागदांचं. घर विकायचं म्हणजे किती कागद! सिटी सर्व्हेचा उतारा, म्हणजे मालमत्ता पत्रक. अण्णा गेल्यानंतरची वारस नोंद. घरपट्टी-पाणीपट्टी भरल्याच्या पावत्या, बांधकाम परवाना, वकिलाचा तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट. कुणाचा बोजा होता, कधी उतरला, चतुःसीमेला कोण कोण, रस्ता किती फुटी, सगळं त्यात सापडतं. तीस वर्षांत घर कुणाकुणाकडं गहाण पडलं ते कागद सांगतात, तीन वेळा पाण्याखाली गेलं ते एकही कागद सांगत नाही. सूची क्रमांक दोनवर, म्हणजे नोंदलेल्या दस्ताच्या गोषवाऱ्यावर, क्षेत्रफळ आहे, मोबदला आहे, बाजारमूल्य आहे, दोन्हीकडच्या माणसांचे पत्ते आहेत. पाण्याचा रकाना नाही.

पूररेषा आहेत, नाही असं नाही. जलसंपदा खातं दोन रेषा आखतं. निळी म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत नवं बांधकाम नाही, निळी आणि लाल यांच्या मधे अटींसह. पण या रेषा विकास योजनेच्या नकाशावर असतात आणि नकाशा बघायला जातो तो आर्किटेक्ट. निवृत्त शिक्षक नवरा-बायको फंडाचे पैसे घेऊन घर बघायला येतात तेव्हा त्यांच्या हातात सर्च रिपोर्ट असतो. उरलेलं सगळं शेजारच्या काकूंकडून. घर बघून झालं की माणसं गल्लीच्या टोकाच्या किराणा दुकानात काडेपेटी घ्यायला थांबायची, ती कशासाठी हे मला आणि दुकानदाराला दोघांनाही माहीत होतं. या गावात घराचा खरा उतारा त्या काउंटरवर मिळतो. मला हे गोड वगैरे वाटत नाही. ज्याची ओळख आहे त्याला खरं कळतं, आणि जो परगावाहून बदली होऊन आला त्याला चुन्याचा वास.

ओळखीचा हाच बाजार दुसऱ्या बाजूनं किती वाईट आहे तेही याच दरम्यान बघितलं. एजंट एकदा म्हणाला, "पार्टी एकदम क्लिअर आहे ताई, सगळे पैसे चेकनं, मिरजेला सर्व्हिसला आहेत. फक्त..." आणि थांबला. त्या 'फक्त'नंतर तो आडनाव सांगतो की काय सांगतो हे या गावात वाढलेल्या माणसाला सांगायला नको. मी म्हणाले, घेऊन या. ते आले, बायको-मुलीसह. फार नीट माणसं. संध्याकाळपर्यंत भावाला पुण्याला दोन घरांतून फोन गेले होते, ज्याला द्यायचं त्याला द्या, आमचं काही नाही, पण जरा बघा. २०१९ला याच दोन घरांतली माणसं छतावर बसली होती आणि त्यांनी बोट वल्हवणाऱ्याला आडनाव विचारल्याचं मला आठवत नाही. पुढं त्या कुटुंबानं नको म्हणून कळवलं. कारण विचारलं तर म्हणाले, मुलगी पाण्याला घाबरते. शेजाऱ्यांना अजूनही वाटतं की ते काम आपल्या फोननं झालं.

*

शेवटी घर घेतलं ते मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर काम करून स्वतःचा छोटा धंदा उभा केलेल्या माणसानं. २०१९ला तो आमच्याच मागच्या गल्लीत भाड्यानं राहत होता. त्यानं पाणी विचारलंच नाही. उलट आम्हालाच सांगितलं, कोपऱ्यावरच्या खांबाला त्या दिवशी किती वाजता कुठवर होतं ते. सौद्याला असं गिऱ्हाईक सगळ्यात अवघड. त्याला भीती घालता येत नाही आणि भुलवताही येत नाही. त्याचं गणित तयार होतं. जुनं घर पाडायचं, जोतं परवानगीत सांगतील तेवढं, म्हणजे लाल रेषेच्या पातळीच्या वर न्यायचं, खाली नुसते खांब आणि पार्किंग, राहायचं वर. वर्षात आठ दिवस पाणी आलं तर गाडी काढून चढावर लावायची. "तीनशे सत्तावन्न दिवस तर बाजार चालत पाच मिनिटांवर," तो म्हणाला, आणि याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, कारण अण्णांनी हाच हिशेब केला होता.

त्याच्या भावात घराचे पैसे नव्हते. जागेचे होते, त्यातून घर पाडायचा खर्च वजा. आईच्या ओट्याची कडाप्पा, देवघराचा कोनाडा, वरच्या खोलीतली मोझॅइक फरशी या सगळ्याची किंमत उणे. हे ऐकताना आई शांत होती. नंतर मात्र तिनं त्याला फरशी काढून नेणार का विचारलं. तो म्हणाला, नेतो की आजी, गोठ्याला चांगली हुईल. याचा तिला राग आला की बरं वाटलं ते मला अजून कळलेलं नाही.

मग सुरू झालं सरकारी भावाचं प्रकरण, आणि इथं मी जरा थांबणार आहे, कारण याच्याबद्दल कुणी लिहीत नाही. घरांच्या व्यवहारात नेहमीची रड अशी असते की बाजारभाव जास्त, रेडीरेकनरचा म्हणजे सरकारी तक्त्यातला दर कमी आणि मधला फरक पिशवीतून. आमचं उलटं झालं. रेडीरेकनरनं आमच्या जागेचं जे मूल्य काढलं, त्याच्या खाली सौदा ठरला होता. मुद्रांक शुल्क तर दोन्हींत जे जास्त असेल त्यावर भरावं लागतं, म्हणजे घेणाऱ्यानं न दिलेल्या पैशांवरही शुल्क भरायचं. पुढं आयकर. सरकारी मूल्यापेक्षा फार कमी किमतीला विकलंत तर कायदा धरून चालतो की तुम्हाला सरकारी मूल्याएवढे पैसे मिळाले, आणि कर त्यावर. दहा टक्क्यांपर्यंतचा फरक माफ आहे. त्या पलीकडं गेलात की घेणाऱ्यालाही तोच फरक उत्पन्न म्हणून दाखवायची पाळी येते. कायद्याच्या डोळ्यांनी बघितलं तर पूरपट्ट्यात स्वस्त विकणारा प्रत्येक माणूस काळा पैसा घेणारा. पाण्यानं भाव पडू शकतो ही शक्यता तिथं पहिल्यांदा सुचतच नाही. मूल्यांकन अधिकाऱ्याकडं प्रकरण पाठवा असं म्हणता येतं, पण एवढ्यासाठी कोण फेऱ्या घालतो? आमचा फरक दहाच्या आत बसला, तोही शेवटच्या बैठकीत हळदवाल्यानं थोडं वर येऊन बसवला म्हणून. त्यालाही त्याच्या सीएनं तेच सांगितलं असणार.

आणि भांडवली नफा? तो तर निघालाच नाही. जुन्या घराची मूळ किंमत म्हणून १ एप्रिल २००१ची बाजारकिंमत धरता येते. व्यवहार झाला २०२३-२४ या आर्थिक वर्षात, तेव्हाचा महागाई निर्देशांक ३४८, २००१-०२चा १००. म्हणजे २००१ची किंमत गुणिले ३.४८. आता बघा, २००१ म्हणजे तिन्ही महापुरांच्या आधीचं साल. भिंती कोरड्या, बाजारपेठ जवळ, जागेला मागणी. त्या कोरड्या सालच्या किमतीला साडेतीनपट केलं, तर २०२३चा ओला भाव तिथवर पोचत नव्हता. सरकारच्या कागदांनुसार आम्हाला घर विकून तोटा झाला. पाण्याचा हिशेब कुठंच लिहिलेला नाही म्हणाले ना मी. एका ठिकाणी निघाला, सीएच्या टेबलावर, एका वजाबाकीत. भाऊ खूश झाला, कर वाचला म्हणून.

दस्ताचा दिवस सांगण्यासारखा नाही. कॉम्प्युटर बंद, चालू, अंगठा, फोटो, पुन्हा अंगठा, कारण आईच्या बोटाच्या रेषा भांड्यांनी घासून गेलेल्या. आधी एक गोष्ट झाली तेवढी नोंदवते. दस्त लिहिणाऱ्यानं भावाला विचारलं, "ताईंचं हक्कसोड आधी करून घ्यायचं ना?" मी समोरच बसले होते. आमच्याकडं बहिणीनं सही करून मोकळं व्हायचं आणि भाऊबीजेला साडी घ्यायची, ही इतकी रुळलेली पद्धत आहे की त्याला त्यात विचारण्यासारखं काही वाटलं नसावं. घर अण्णांनी स्वतःच्या कमाईनं घेतलेलं. मृत्युपत्र नसताना असल्या मिळकतीत बायको, मुलगा, मुलगी यांना सारखा वाटा, हे १९५६च्या वारसा कायद्यातच आहे. भाऊ म्हणाला, "नाही, तिघांच्या सह्या." तो इतक्या सहज म्हणाला की मला त्याच्याशी झालेलं पंख्याचं भांडण त्या क्षणी माफ करावंसं वाटलं. अर्थात केलं नाही.

*

आता घ्यायची बाजू. आईसाठी पूर्वेकडं फ्लॅट.

इकडच्या जाहिरातींत आता 'पूरमुक्त परिसर' लिहिलेलं असतं, पूर्वी 'पूर्वाभिमुख' लिहायचे त्याच थाटात. पुण्यामुंबईच्या नातेवाइकांनी सल्ला दिला, महारेरा नंबर, म्हणजे प्रकल्पाची सरकारी नोंदणी, बघून घे. बघायला गेले तर बऱ्याच इमारतींना तो नंबरच नाही, आणि ते बेकायदाही नाही. जागा ५०० चौरस मीटरच्या आत किंवा सदनिका आठपर्यंत असतील तर नोंदणी सक्तीची नाही. मोठ्या शहरात ही सूट किरकोळ असेल. आमच्यासारख्या गावात बिल्डर म्हणजे पूर्वीचा सेंट्रिंग कॉन्ट्रॅक्टर नाहीतर सिमेंटचा दुकानदार, आणि इमारत म्हणजे एका बंगल्याच्या प्लॉटवर सहा फ्लॅट. निम्मा बाजार त्या सुटीतच राहतो. त्यामुळं अजून 'सेलेबल' एरियावर भाव सांगतात. त्यात जिना येतो, भिंती येतात, लिफ्ट येते, आणि मला तर वाटतं बिल्डरची सावलीही येते. कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, किती विचारलं की तो दुखावल्यासारखा बघतो. "मॅडम, इथं असं कुणी विचारत नाही." टेप घेऊन गेले होते. मोजलं.

शामरावनगरकडचं एक घर स्वस्तात मिळत होतं. तिथं नदी नाही, पण गुंठ्या-गुंठ्यानं पडलेले प्लॉट, काळी माती आणि पावसाचं पाणी वाहून जायला वाट नाही. नदीचं पाणी निदान आकडे सांगून येतं. हे नुसतं साचतं. घरमालक गुंठेवारीचं प्रमाणपत्र दाखवत होता. २००१च्या गुंठेवारी कायद्यानं अशी घरं नियमित झाली, ते चांगलंच झालं, नाहीतर नोटरीच्या कागदावर घर घेतलेल्या हजारो माणसांनी जायचं कुठं? पण प्रमाणपत्रानं गटार होत नाही. आईनं रिक्षातूनच मान हलवली.

अधूनमधून कृष्णेवरच, खालच्या अंगाला असलेल्या अलमट्टी धरणाची बातमी यायची. कर्नाटक त्याची पातळी ५१९ मीटरवरून ५२४ मीटरवर नेणार, आपल्याकडून विरोध. इथल्या पुराला अलमट्टी किती कारण आणि आपण स्वतः पात्रात, ओढ्या-नाल्यांत घातलेला भराव किती कारण, यावर सांगलीत प्रत्येक पानपट्टीवर एकेक समिती बसलेली असते. मी त्यात पडत नाही. एवढंच बघितलं की बातमी पहिल्या पानावर आली की पश्चिमेकडचं गिऱ्हाईक आठवडाभर फोन उचलत नाही आणि पूर्वेकडचा बिल्डर चौरस फुटाला बोलायची भाषा बदलतो. शंभरेक मैलांवरच्या दुसऱ्या राज्यातल्या धरणाचा दरवाजा आमच्या खरेदीखतात असा येऊन बसलेला आहे.

ज्या इमारतीत शेवटी घेतलं तिथं आई बिल्डरला काय विचारेल याचा मला अंदाज नव्हता. पाणी कुठवर आलं होतं, हे तिनं विचारलंच नाही. तिथं ते आलं नव्हतं हे तिला माहीत होतं. तिनं विचारलं, लाइटचा मीटरबोर्ड जमिनीपासून किती वर आहे? लिफ्टचा खड्डा भरला तर उपसायचा पंप कोण लावणार? आणि लाइट नसली तर वरच्या टाकीत पाणी किती दिवस पुरतं? २०१९ला तिची मावसबहीण पूर न आलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर होती. घरात थेंब नाही आला, पण नळालाही थेंब नव्हता, आणि लाइट नाही म्हणून बोअर बंद. पूरमुक्त घरात बसून ती पाण्याच्या बाटल्या वाटणाऱ्यांची वाट बघत होती. बिल्डर चांगल्या स्वभावाचा. त्यानं वहीत लिहून घेतलं आणि मीटरबोर्ड खरोखरच वर सरकवला, बहुधा पुढच्या गिऱ्हाइकाला सांगता येईल म्हणून.

एका गोष्टीवर मात्र दोघांचं जमलं नाही. आईला पार्किंग नको होतं. गाडी नाही, सायकल नाही, मग पैसे कशाचे? बिल्डर समजावत होता, "आजी, पार्किंग नसेल तर उद्या फ्लॅट विकायला अडचण येते." आई म्हणाली, "मी राहायला घेत्येय." भाव दोन दिवस तिथंच अडकून होता. शेवटी भावानं पुण्याहून परस्पर हो म्हणून टाकलं. पार्किंगसकट दस्त झाला. त्या जागेत सध्या आईचं सागवानी कपाट उभं आहे. २०१९च्या पाण्यात त्याचं एक दार फुगलं ते लागत नाही, आणि फ्लॅटच्या जिन्यातून ते वर जात नाही. असोसिएशननं लेखी कळवलंय की पार्किंग हे फक्त वाहनांसाठी आहे. आईनं उत्तरात लिहायला सांगितलंय की पैसे भरलेले आहेत. पत्र माझ्याच हस्ताक्षरात जाणार, म्हणून अजून टाकलेलं नाही.